जागतिक शेअर निर्देशांकांचा दीर्घकालीन कल आलेखावर कसा वाचावा

जागतिक शेअर बाजारांचा वीस-तीस वर्षांचा कल शोधताना बहुतेक चुका पहिली रेघ ओढण्याआधीच होऊन गेलेल्या असतात. स्केल चुकीचं असतं, निर्देशांक नेमका कशाचा बनलाय हे माहीत नसतं, चलन तपासलेलं नसतं. आणि त्यावर आरएसआय, एमएसीडी, फिबोनाची अशा भावांवरून काढलेल्या तांत्रिक साधनांचे थर चढवले जातात. म्हणून इथे बराच भर आलेख तयार करण्यावरच आहे. तो नीट तयार झाला की पुढे वापरायची साधनं मोजकीच लागतात.

आधी मासिक, मग लॉग

दीर्घकालीन कलासाठी मासिक कँडल (महिन्याचा सुरुवातीचा, सर्वोच्च, नीचांकी आणि बंद भाव दाखवणारी उभी पट्टी) घ्या आणि किमान २५ वर्षांचा इतिहास समोर ठेवा, म्हणजे त्यात निदान दोन मोठ्या मंद्या येतील. दैनंदिन आलेख या कामासाठी फार गोंगाट करतो. ५ ऑगस्ट २०२४ ला जपानचा निक्केई एका दिवसात १२.४ टक्के कोसळून ३१,४५८ वर बंद झाला. दैनंदिन आलेखावर हा प्रलय दिसतो. पण जुलैचा बंद भाव ३९,१०२ होता आणि ऑगस्टचा ३८,६४८. म्हणजे महिन्याची घट सव्वा टक्काही नाही. मासिक कँडलला खाली लांब शेपटी राहिली, एवढंच.

नंतर उभा अक्ष लॉगरिदमिक करा. साध्या स्केलवर १०० अंशांना सगळीकडे तेवढीच उंची मिळते. लॉग स्केलवर सारख्या टक्केवारीला सारखी उंची मिळते. १९ ऑक्टोबर १९८७ ला अमेरिकेचा डाऊ जोन्स ५०८ अंशांनी पडला, म्हणजे २२.६ टक्के. डाऊ ४०,००० वर असताना तेवढेच अंश म्हणजे जेमतेम १.३ टक्के. साध्या स्केलवर १९८७ ची पडझड मुंगीएवढी दिसते आणि अलीकडची प्रत्येक हालचाल डोंगराएवढी. ‘बाजार आता उभा सरळ चढलाय, फुगा फुटणार’ असं सांगणारी चित्रं बहुधा साध्या स्केलवरची असतात. दहा वर्षांहून लांब आलेख असेल तर लॉगला पर्याय नाही. त्याहून छोट्या काळातही निर्देशांक दुप्पट झाला असेल, तर लॉगच लावावं.

निर्देशांक कशाचा बनलाय?

सगळ्या निर्देशांकांच्या रेघा एकाच आलेखावर टाकण्याआधी हे तपासायलाच हवं. जर्मनीचा डॅक्स ज्या रूपात बातम्यांत येतो त्यात लाभांश पुन्हा गुंतवलेला धरलेला असतो. अमेरिकेचा एस अँड पी ५००, ब्रिटनचा फुट्सी १०० आणि निक्केई हे मात्र नुसत्या किमतीचे निर्देशांक. डॅक्स आणि फुट्सी शेजारी ठेवून ‘जर्मनी किती पुढे’ म्हणणाऱ्याने लाभांशाचा फरक बाजारांच्या ताकदीच्या नावावर खपवलेला असतो. तुलना करायची तर दोन्हीकडे टोटल रिटर्न (लाभांशासह परतावा) घ्या, नाहीतर दोन्हीकडे नुसती किंमत. डॅक्सची लाभांशाविना आवृत्ती वेगळी उपलब्ध आहे.

भारांकनही पाहा. एस अँड पी ५०० मध्ये कंपनीचं बाजारमूल्य जेवढं मोठं तेवढं वजन. डाऊ आणि निक्केई शेअरच्या भावावर वजन देतात, त्यामुळे महागड्या शेअरची एक कंपनी अख्खा निर्देशांक ओढू शकते. घटक बदलले की सांधेही राहतात. एप्रिल २००० मध्ये निक्केईतल्या २२५ पैकी ३० कंपन्या एका दमात बदलल्या गेल्या आणि त्याआधीची-नंतरची रेघ एकसंध राहिली नाही. जपानचा लांब पल्ल्याचा कल पाहताना बाजारमूल्यावर आधारलेला टोपिक्स सोबत ठेवणं म्हणूनच शहाणपणाचं.

जुन्या आकडेवारीत आणखी एक फसवी जागा आहे. येल विद्यापीठाचे रॉबर्ट शिलर यांची १८७१ पासूनची अमेरिकी मासिक आकडेवारी सर्वत्र वापरली जाते. पण तिच्यातला मासिक भाव हा त्या महिन्यातल्या दैनंदिन भावांची सरासरी असतो, महिनाअखेरचा बंद भाव नव्हे. मूल्यमापनासाठी तो उत्तम. मात्र मूव्हिंग ॲव्हरेजच्या (मागच्या ठरावीक महिन्यांच्या सरकत्या सरासरीच्या) नियमाची चाचणी त्यावर घेतली तर निकाल खोटे येतात, कारण सरासरी भावाला कुणी खरेदी-विक्री करत नाही.

महागाई आणि चलन

डाऊ ९ फेब्रुवारी १९६६ ला ९९५ वर बंद झाला आणि १२ ऑगस्ट १९८२ ला ७७७ वर. नुसत्या आलेखावर ही २२ टक्क्यांची घट, म्हणजे कंटाळवाणा आडवा बाजार. पण त्याच काळात अमेरिकेतला ग्राहक किंमत निर्देशांक तिपटीवर गेला. भावाला त्याने भागलं की घट सुमारे ७४ टक्के निघते. रीत सोपी आहे: प्रत्येक महिन्याचा निर्देशांक त्या महिन्याच्या किंमत निर्देशांकाने भागा आणि शेवटच्या महिन्याच्या किंमत निर्देशांकाने गुणा. सगळे भाव आजच्या पैशांत येतात. यात लाभांश धरलेला नाही, म्हणून मंदी असते त्याहून गडद दिसते, हे लक्षात ठेवावं.

वेगवेगळ्या देशांची तुलना करताना सगळं एका चलनात आणा. निक्केईने २९ डिसेंबर १९८९ चं ३८,९१६ हे शिखर २२ फेब्रुवारी २०२४ ला ओलांडलं, ३४ वर्षांनी. तेव्हा डॉलरला साधारण १५० येन पडत होते, १९८९ अखेर साधारण १४४. दोन टोकं जवळपास जुळतात, पण मधल्या काळात येन बराच वधारलेला होता, त्यामुळे डॉलरमधली वाट येनमधल्या वाटेहून वेगळी दिसते. कोणतं चलन घ्यायचं? ज्या चलनात गुंतवणूकदाराचा खर्च आहे ते.

दहा महिन्यांची सरासरी, आकड्यांसह

कल वर आहे की खाली हे ठरवायला १० महिन्यांची साधी सरासरी पुरते. दैनंदिन आलेखावरची २०० दिवसांची सरासरी जवळपास तीच. नियम असा: महिन्याचा शेवटचा बंद भाव सरासरीच्या वर असेल तर कल वर, खाली असेल तर कल खाली. कल वर असेल तर बाजारात आत राहायचं, खाली असेल तर विकून बाहेर. महिन्याच्या मधे पाहायचं नाही.

एस अँड पी ५०० चे मे २०१९ ते फेब्रुवारी २०२० चे महिनाअखेरचे भाव घ्या: २७५२, २९४२, २९८०, २९२६, २९७७, ३०३८, ३१४१, ३२३१, ३२२६, २९५४. बेरीज ३०,१६७, सरासरी ३०१७. फेब्रुवारीचा २९५४ हा भाव तिच्याखाली, म्हणून बाहेर. २३ मार्चला निर्देशांक २२३७ वर बंद झाला आणि नियम पाळणाऱ्याला हायसं वाटलं असणार. पण मेअखेर भाव ३०४४ आणि सरासरी ३००३. नियमाने परत आत. २९५४ ला विकून ३०४४ ला घेतलं, म्हणजे तीन टक्के तोटा, वर कर आणि दलाली वेगळी.

आता २००७ पाहा. नोव्हेंबरअखेर भाव १४८१, सरासरी १४८३. दोन अंशांनी खाली, बाहेर. परतीचा संकेत थेट जून २००९ अखेर आला: भाव ९१९, सरासरी ९००. विक्री आणि फेरखरेदी यांत ३८ टक्क्यांचं अंतर. या साधनाचा स्वभावच हा: झटपट मंदीत थोडा चटका, लांब मंदीत मोठी बचत. दोन्ही एकत्रच मिळतात.

दोन अंशांच्या फरकावर निर्णय नको म्हणून बरेच जण एक-दोन टक्क्यांची मोकळीक ठेवतात. दोन टक्के ठेवले असते तर २०२० मध्ये परत आत यायला जूनअखेर ३१०० भाव मोजावा लागला असता, म्हणजे तोटा वाढला असता. मोकळीक ठेवली की खोटे संकेत कमी होतात आणि प्रत्येक खरा संकेत महाग पडतो. आकडा एकदा ठरवावा आणि मागच्या आलेखाला जुळेपर्यंत तो हलवत बसू नये. १० ऐवजी ९ किंवा १२ महिने घेतल्यावर निकाल पूर्ण उलटत असेल, तर तो निकाल नशिबाचा समजावा.

लांब आडवे पट्टे

डाऊ १९६६ ते १९८२ आणि एस अँड पी ५०० मार्च २००० ते मार्च २०१३ (१५२७, ७७७, १५६५, ६७७ आणि पुन्हा वर) अशा पट्ट्यांत अडकले होते. पट्टा आखायचा तर टोकाच्या महिनाअखेर भावांतून एक वरची आणि एक खालची आडवी रेघ ओढा. वर दोन आणि खाली दोन स्पर्श होईपर्यंत त्याला पट्टा म्हणू नये.

खरा प्रश्न फुटीचा, म्हणजे भाव पट्ट्याची वरची रेघ ओलांडतो तेव्हाचा. नोव्हेंबर १९७२ मध्ये डाऊ पहिल्यांदा १००० वर बंद झाला, ११ जानेवारी १९७३ ला १०५२ पर्यंत गेला आणि ६ डिसेंबर १९७४ ला ५७८ वर आला. ही फसवी फूट टाळता आली असती का? जुन्या शिखराच्या ५ टक्के वर महिनाअखेरचा बंद हवा अशी अट लावली तर ९९५ वरून १०४५ ची पातळी निघते. १९७२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरचे महिनाअखेरचे भाव १०२० च्या आसपास होते, अट पुरी झाली नाही. हीच अट १०५२ च्या शिखराला लावली तर संकेत फेब्रुवारी १९८३ अखेर येतो, आणि एस अँड पी ५०० साठी जुलै २०१३ अखेर. दोन्ही वेळी उशिरा, दोन्ही वेळी बरोबर. तीन उदाहरणांवरून कायदा होत नाही. पण आठवड्याच्या भावावर उडी मारण्यापेक्षा हे बरं.

तिरक्या रेघा

लॉग स्केलवर सरळ रेघ म्हणजे स्थिर वार्षिक वाढ. म्हणून ती तुटली याचा अर्थ बाजार पडलाच असा नाही. कदाचित वाढीचा वेग तेवढा मंदावला असेल. दोन तळांतून रेघ कुठेही निघते, तिसऱ्या स्पर्शाशिवाय तिला किंमत देऊ नये.

डोळ्यांवर विश्वास नसेल तर रिग्रेशन (सगळ्या भावांना गणिताने सर्वांत जवळची बसणारी रेघ) लावा: प्रत्येक मासिक भावाचा नैसर्गिक लॉग घ्या, महिन्यांच्या क्रमांकावर सरळ रेघ बसवा, उताराला १२ ने गुणा. उतार ०.००५८ आला तर वर्षाला साधारण ७ टक्के. सुरुवात कुठून केली यावर सगळं फिरतं. डाऊची नुसती दोन टोकं जोडायची असतील तर १९२९ चं शिखर ३८१ आणि १९३२ चा तळ ४१, नवपट फरक; ९० वर्षांवर पसरूनही वर्षाला सुमारे अडीच टक्क्यांचा. रिग्रेशनमध्ये फरक कमी होतो, संपत नाही. सुरुवात शिखरावर किंवा तळावर कधीच करू नका. आणि नवे भाव आले की रिग्रेशनचा अख्खा पट्टा, मागच्या वर्षांसकट, सरकतो. आज दिसतंय की २००७ मध्ये भाव वरच्या पट्टीला टेकला होता. ती पट्टी २००७ मध्ये तिथे नव्हती.

गुणोत्तर आणि रुंदी

कोणता प्रदेश पुढे आहे ते पाहायला एक निर्देशांक दुसऱ्याने भागून त्याचा आलेख काढा, दोन्ही एकाच चलनात. अमेरिका विरुद्ध एमएससीआय ईएएफई (अमेरिका-कॅनडा सोडून इतर विकसित देशांचा निर्देशांक) हे नेहमीचं गुणोत्तर. त्यात १९८० च्या दशकाचा शेवट वाचताना जपून, कारण तेव्हा ईएएफईमध्ये निम्म्याहून अधिक वजन एकट्या जपानचं होतं. ते गुणोत्तर ‘अमेरिका विरुद्ध जपान’ असंच वाचायला हवं. गुणोत्तर घसरतंय म्हणजे बाजार पडतोय असं नाही, दोन्ही चढत असतानाही ते घसरतं.

रुंदी, म्हणजे किती शेअर चढतात आणि किती पडतात, हे मोजणारी ॲडव्हान्स-डिक्लाइन रेषा इशारा देते, वेळ सांगत नाही. न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजची ही रेषा एप्रिल १९९८ मध्येच खाली वळली होती. एस अँड पी ५०० चं शिखर त्यानंतर जवळपास दोन वर्षांनी आलं. मासिक आरएसआयचंही (अलीकडच्या चढ-उतारांचा जोर ० ते १०० मध्ये मोजणारं साधन) तेच. मोठ्या तेजीत तो महिनोन्‌महिने ७० च्या वर राहतो, आणि तेवढ्यावरून विकणारा तेजीचा बराचसा भाग बाहेर बसून पाहतो.

आलेख महिन्यातून एकदाच, शेवटच्या व्यवहाराच्या दिवसानंतर अद्ययावत करा. टोकियो न्यूयॉर्कच्या कित्येक तास आधी बंद होतो, त्यामुळे महिन्याच्या शेवटच्या दिवशी रात्री न्यूयॉर्क कोसळलं तर निक्केईत ते पुढच्या महिन्याच्या कँडलमध्ये दिसेल. प्रत्येक निर्देशांकाची तारीख, बंद भाव, सरासरी आणि कल एका ओळीत नोंदवा. चालू महिन्याची अर्धवट कँडल सॉफ्टवेअर पूर्ण कँडलसारखीच दाखवतं आणि तिचा तात्पुरता भाव सरासरीतही धरतं, म्हणून गणित करताना ती वगळा.