पहिली अल्ट्रा धावताय? पोटाकडे आणि पाण्याकडे आधी बघा

मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरपुढे जे काही धावलं जातं ते अल्ट्रा. पहिल्या वेळी बहुतेक जण ५० किलोमीटरची शर्यत निवडतात. आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या नव्या धावपटूंमध्ये मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: पायांची तयारी वर्षभर करतात, पोटाची एक दिवसही नाही.

सगळ्यात मोठी चूक पाण्याची. इथं मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, म्हणून ‘पाणी पीत राहा’ हे लहानपणापासून ऐकत आलेलो. माझ्या पहिल्या ५० किलोमीटरला मी तहान नसतानाही वाटेतल्या प्रत्येक पाण्याच्या टेबलावर दोन-दोन ग्लास साधं पाणी प्यायलो. पस्तिसाव्या किलोमीटरला अंगठी बोटात रुतायला लागली, डोकं ठणकायला लागलं, मळमळ सुरू झाली. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून आणखी प्यायलो. झालं होतं नेमकं उलटं. जास्त पाण्यानं रक्तातलं सोडियम विरळ होतं, त्याला हायपोनॅट्रेमिया म्हणतात. सोबतच्या एका दादानं हातातली बाटली काढून घेतली आणि मला वैद्यकीय तंबूत नेलं, म्हणून निभावलं. बोलण्यात गोंधळ, उलट्या किंवा झटके दिसले तर वेळ न घालवता दवाखाना गाठायचा.

मग किती प्यायचं? तहान लागेल तेव्हा, लागेल तेवढं. सरावात लांब धावण्याआधी आणि नंतर वजन करा. ६० किलोचा माणूस ५९ वर आला तर काळजी नाही. ६१ झाला तर पाणी जास्त झालंय, ५८ च्या खाली गेला तर कमी पडलंय. ओआरएस पाकिटावरच्या मापातच कालवा, अर्ध्या पाण्यात घट्ट करू नका. आणि ओआरएस घेतलं म्हणून हवं तेवढं पाणी चालतं असंही नाही.

खाण्याचं गणित सोपं आहे. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात आणि एका मध्यम केळीतून साधारण २५ ग्रॅम मिळतात. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातल्या माणसानं महागड्या एनर्जी जेलच्या मागं लागायची गरज नाही. पण केळीसुद्धा धावताना खायची सवय लागते, ती सरावातच लावा. भूक लागायची वाट बघू नका, पहिल्या पाऊण तासातच खायला सुरुवात करा. आदल्या रात्री तिखट शेवभाजी आणि तुपात बुडवलेली बट्टी नको, दुसऱ्या दिवशी खा की मनसोक्त.

दुसरी मोठी चूक पहिल्या दहा किलोमीटरमधली. पाय ताजे असतात, गर्दी पळत असते, आपणही सुटतो. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे, हळू चल ना भो! चढ आला की सरळ चाला, त्यात कमीपणा नाही.

उताराचा सराव मात्र कुणीच करत नाही. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेकचं काम करतो, म्हणून तो आधी खचतो. धुळेकरांना लळिंगचा डोंगर जवळ आहे. जळगाव-भुसावळच्या सपाट रस्त्यांवरच्यांनी महिन्यातून एकदा तरी सातपुड्यातल्या पाल गावाकडे किंवा तोरणमाळला जावं.

बूट अर्धा नंबर मोठा घ्या, पाय सुजतात. नखं कापा, घासणाऱ्या जागी व्हॅसलीन लावा.

शेवटची चूक, आणि ही मला फार छळते: दुखायला लागलं की खिशातली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी घेणं. उन्हात, घामानं कोरड्या पडलेल्या शरीरात तिचा ताण मूत्रपिंडावर येतो. शर्यतीनंतर लघवी काळ्या चहासारखी झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.