पार्किंग लॉटमधला झेल

मागच्या महिन्यात मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकीने विचारलं की मुलगी रेक लीगमध्ये (म्हणजे सगळ्यांना घेणारी गावातली हौशी लीग) छान खेळते, आता ट्रॅव्हल सॉफ्टबॉलच्या (म्हणजे पोरी निवडून घेणाऱ्या, बाहेरगावी टूर्नामेंट खेळणाऱ्या टीमच्या) ट्रायआउटला, निवड चाचणीला, न्यायचंय, काय तयारी करू? तिला उत्तर टाइप करता करता इतकं लांबलं की म्हटलं सरळ सगळंच लिहून काढू. बॅट कुठली घ्यायची वगैरे यात नाहीये, ते तुम्हाला कोणीही सांगेल. जे आम्हाला कोणी सांगितलं नाही ते सांगते.

आम्ही शिकागोच्या पश्चिमेकडच्या एका सबर्बमध्ये राहतो. गंमत म्हणजे सॉफ्टबॉल जन्मला तोच शिकागोत, १८८७ मध्ये, आणि मी तो शिकले अमरावतीला, शाळेच्या ग्राउंडवर, ग्लोव्ह दोघीत एक. जिल्हा पातळीपर्यंत खेळले. तिकडे सिलेक्शन म्हणजे काय तर दोन दिवस उन्हात पळायचं आणि तिसऱ्या दिवशी नोटीस बोर्डवर यादी बघायची. वशिला तिकडेही चालायचाच, पण तुझं नाव लावायचं असेल तर आज रात्री नऊच्या आत पैसे टाक असं मला कोणी म्हटलं नव्हतं. त्यामुळे इथे मी अगदीच कोरी होते.

लेक दहा पूर्ण होऊन १०यू (दहा वर्षांपर्यंतचा गट) मधून १२यू (बारापर्यंतचा) मध्ये जाणार होती. हा टप्पा नीट समजून घ्या, कारण आईबापांची घाबरगुंडी इथेच उडते. १०यू ला बॉल ११ इंची घेराचा आणि पिचिंग, म्हणजे बॅटिंग करणारीला बॉल टाकणं, ३५ फुटांवरून. १२यू ला एकदम बॉल १२ इंची आणि अंतर ४० फूट. दोन्ही एकाच वेळी बदलतं, मग जून-जुलैत जी पोरगी झकास स्ट्राइक टाकत होती तिचे बॉल ऑगस्टमध्ये प्लेटच्या, म्हणजे बॅटिंगच्या जागेच्या, आधीच टप्पा खायला लागतात. (१४यू ला परत तीन फूट वाढतात, ते रडगाणं पुढच्या वर्षी.) म्हणजे पोरगी सगळ्यात डळमळीत असते नेमकं तेव्हाच ट्रायआउट, आणि हे कोचना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

तर ऑगस्टचा पहिला आठवडा, संध्याकाळी साडेसात वाजलेले. पाठीवर नंबर चिकटवून साठेक पोरी दोन तास पळाल्या, ग्राउंडर घेतले, फ्लाय बॉल घेतले, मशीनवर दहा-दहा बॉल मारले, एक जण स्टॉपवॉच घेऊन होम ते फर्स्ट टाइम काढतोय, दुसरा रडार गन घेऊन. आम्ही गाडीकडे निघालो तर कोच मागून पळत आला. तुमची मुलगी आम्हाला फार आवडली, पिचर म्हणून हवीय, पण जागा एकच उरलीय आणि दुसरी एक फॅमिली माझ्या फोनची वाट बघतेय, तुमचं आत्ताच हो असेल तर मी तिकडे नाही म्हणून कळवतो. डिपॉझिट पाचशे डॉलर, परत मिळणार नाही. आणि हे सगळं त्याने बोललं कुणाकडे बघून, तर माझ्या दहा वर्षांच्या पोरीकडे बघून! तिचे डोळे असे चमकले की नवऱ्याने तिथेच, गाडीच्या बॉनेटला टेकून, फोन काढून झेल केलं. झेल म्हणजे इथलं बँकेतून बँकेत पैसे पाठवायचं, आपल्या यूपीआयसारखं. मी नंतर कित्येक दिवस त्याला चिडवत होते की आयुष्यात पहिल्यांदा झेल घेतलास आणि तोही उलटा.

सप्टेंबरमध्ये पहिल्या प्रॅक्टिसला गेलो तर रोस्टरवर, म्हणजे टीमच्या यादीत, चौदा मुली. चौदा! मैदानात नऊ खेळतात. आणि माझी लेक सोडून पिचर चार, त्यातली एक हेड कोचची मुलगी, एक असिस्टंटची, आणि बाकीच्या दोघींच्या आयांशी मी डिसेंबरमध्ये डोमच्या (हिवाळ्यात प्रॅक्टिस चालते ते बंदिस्त मैदान) बाहेर कॉफी पिताना बोलले तेव्हा कळलं की आम्हा तिघींनाही सेम वाक्य ऐकवलं होतं, पिचर म्हणून हवीय, जागा एकच. खोटं म्हणावं तर पूर्ण खोटंही नाही, कारण जागा खरंच एकच असेल, चौदावी.

त्या वर्षी शनिवारी पूल गेममध्ये (गटातले सामने) सगळ्यांना बॅटिंग मिळायची म्हणून लेक खूश असायची आणि रविवारी ब्रॅकेट, म्हणजे बाद फेरी, सुरू झालं की बेंचवर. त्यासाठी आम्ही अडीच हजार डॉलर फी भरली, वर हॉटेल, कारण बऱ्याच टूर्नामेंटला स्टे टू प्ले असतं, म्हणजे त्यांनी ठरवलेल्या हॉटेलातच बुकिंग करायचं, मामाच्या घरी उतरतो म्हणून चालत नाही. हा खर्च फीमध्ये धरलेला नसतो हे पण आम्हाला नंतरच कळलं.

आता दबावाचे प्रकार. एक जागा, वाट बघणारी दुसरी मुलगी, आज रात्रीची मुदत, हे तर सांगितलंच. दुसरा प्रकार जरा गोड असतो, जुलैमध्येच प्रायव्हेट वर्कआउटला बोलवतात, ट्रायआउटच्या आधीच ऑफर देतात आणि वर सांगतात की दुसरीकडे ट्रायला गेलात तर ऑफर गेली समजा. म्हणजे उघड ट्रायआउटच्या दिवशी अर्धी टीम आधीच ठरलेली असते आणि बाकीच्या पोरी फी भरून उन्हात पळत असतात. तिसरा प्रकार कॉलेजचा, आणि आपले लोक याला हमखास फसतात कारण कॉलेज म्हटलं की आपले कान टवकारतातच. १२यू चा कोच जर म्हणाला की अमुक डिव्हिजन वन (कॉलेज खेळांचा सगळ्यात वरचा गट) कॉलेजच्या कोच आमच्या मुलींवर नजर ठेवून आहेत तर हसून सोडून द्या. एनसीएएच्या (इथल्या कॉलेज खेळांची संस्था) २०१८ मधल्या नियमानुसार डिव्हिजन वनच्या सॉफ्टबॉल कोच मुलगी अकरावीत जाते त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपर्यंत तिच्याशी किंवा घरच्यांशी भरतीबद्दल बोलूच शकत नाहीत. त्याआधी आठवीतल्या मुलीसुद्धा कॉलेजला शब्द देऊन बसायच्या, म्हणून तो नियम आणला. तुमची मुलगी आत्ता सहावीत आहे. थांबा जरा.

अजून एक, मोठ्या नावाचा क्लब. एकाच नावाखाली त्याच वयोगटाच्या दोन-तीन टीम असतात, जर्सी सेम, खेळाचा दर्जा वेगवेगळा, आणि ऑफर देताना कुठल्या टीमची ते पुटपुटत सांगतात. स्पष्ट विचारा.

विचारायचं काय ते मी आता फोनमध्ये लिहूनच ठेवलंय. रोस्टर कितीचं करणार आणि आत्ता किती जणींनी हो म्हटलंय. माझी मुलगी त्यात पिचर म्हणून कितवी. रविवारी कोण खेळतं ते कसं ठरवता. फीमध्ये डोमचं भाडं, युनिफॉर्म, टूर्नामेंट काय काय आलं, राज्याबाहेर किती वेळा जायचं, मध्येच सोडलं तर काय परत मिळतं. आणि हे सगळं तोंडी ऐकून घेतलं तरी घरी येऊन ईमेल करा, तुम्ही असं असं म्हणालात, बरोबर ना, एवढंच. जो खरं बोलला असेल तो दोन मिनिटांत हो लिहून पाठवतो, बाकीच्यांचा एकदम फोन येतो. पण या सगळ्यापेक्षा भारी प्रश्न एकच, मागच्या वर्षीच्या किती मुली परत आल्या? आणि तो कोचला नाही, बाजूला कॅम्पिंगच्या खुर्चीत बसलेल्या, त्याच टीममधल्या एखाद्या मुलीच्या आईला विचारायचा.

आता आमचं पण सांगते, नाहीतर हे सगळं एकतर्फी होईल.

पहिल्या ट्रायआउटच्या फॉर्मवर मी पोझिशनमध्ये लिहिलं होतं पिचर, कॅचर, शॉर्टस्टॉप. आपली सवय, अर्ज भरायचा तर भरभरून. कॅचिंग तिने आयुष्यात दोन इनिंग केलं असेल. त्यांनी तिला गिअर घालून बसवलं आणि सेकंडला थ्रो करायला सांगितलं, होमपासून सेकंड बेस जवळपास ८५ फूट, पोरीचा बॉल पिचरच्या पुढे कसाबसा गेला आणि घरंगळत राहिला. गाडीत ती एवढंच म्हणाली, आई तू का लिहिलंस. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि दुसऱ्या वर्षी तर आम्ही त्याहून वाईट वागलो. एका छोट्या टीमच्या कोचला, स्वतःची मुलगी टीममध्ये नसलेली शांत बाई, आम्ही फोनवर हो म्हटलं, डिपॉझिट तिने मागितलंसुद्धा नव्हतं. चार दिवसांनी जरा मोठ्या क्लबची ऑफर आली आणि आम्ही तिला मेसेज टाकला, सॉरी, फॅमिली रीझन्स. तेव्हा ट्रायआउटचा आठवडा संपत आला होता, चांगल्या पिचर सगळ्या कुठे ना कुठे लागल्या होत्या. ती टीम वर्षभर एका पिचरवर खेळली, आम्ही त्यांच्याविरुद्ध दोनदा खेळलो आणि दोन्ही वेळा मी स्कोअरबोर्डच्या मागे उभी राहिले. तेव्हा मला कळलं की त्या पार्किंग लॉटमधल्या माणसाला पैसे लगेच का हवे असतात. त्याचं वागणं मला अजूनही पटत नाही, पण आमच्यासारखी दहा माणसं त्याला भेटून गेलेली असणार. एक पिचर हलली की खालच्या चार टीमची गणितं हलतात, डोम बुक करायचा असतो, टूर्नामेंटची एंट्री भरायची असते, मुदत असण्यात तसं गैर काही नाही. एक-दोन दिवसांची मुदत मी रास्त समजते. गाडीत बसायच्या आत उत्तर द्या म्हणणाऱ्याला मात्र मी आता एकच सांगते, आमच्या घरी असले निर्णय जेवण झाल्यावर होतात. बहुतेक वेळा ऑफर सकाळपर्यंत टिकते. एकदा नाही टिकली, लेक रात्री रडली, दुसऱ्या दिवशी सायकल घेऊन गेली मैत्रिणीकडे.

या वर्षी तीन ट्रायआउट केले. फॉर्मवर लेकीने स्वतः लिहिलं, पिचर आणि राइट फील्ड. एका कोच बाईने सरळ सांगितलं, माझ्याकडे दोन पिचर पक्क्या आहेत, ही तिसरी, शनिवारी एखादा गेम टाकेल, रविवारी बहुतेक राइट फील्डला असेल, बॅटिंग मात्र मिळेल, अकरा मुलींच्या वर मी घेत नाही, दोन दिवसांत कळवा. ऐकायला काही गोड नव्हतं. आम्ही जेवलो, वरण-भात, आणि लेकच म्हणाली की हिने खरं सांगितलं ना, मग हिच्याकडेच जाऊ.

दुसऱ्या एका टीमची ऑफर हातात होती. त्यांना उद्या सकाळी कळवू असं नवरा म्हणत होता, मी म्हटलं नाही, आत्ताच. रात्री साडेनऊला लेकीने फोन केला, मी फक्त बाजूला बसले होते. तिने नाव सांगितलं, थँक्यू म्हटलं आणि आम्ही दुसरी टीम घेतोय म्हणून सांगितलं. पलीकडून तो कोच म्हणाला, बरं झालं आजच सांगितलंस, एक मुलगी अजून जागी असेल, तिला लावतो फोन.