ऑफबिझमध्ये साध्या नोंदीसाठी कोड लिहीत बसू नका

अपाची ऑफबिझमध्ये (धंद्याचा कारभार सांभाळायचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर) नवीन आलेला माणूस पहिली चूक हीच करतो, एक टेबल बनवतो आणि त्यात रेकॉर्ड टाकायला, बदलायला, उडवायला तीन-तीन ग्रूवी (एक प्रोग्रामिंग भाषा) स्क्रिप्ट लिहितो. मी पण लिहिल्यात. काही गरज नाही, एन्टिटी-ऑटो इंजिन आहे ना त्याला, ते हे काम कोडशिवाय करतं.

समजा कारखान्यातल्या टूलचं रजिस्टर करायचंय. आधी एन्टिटीमॉडेल एक्सएमएलमध्ये टूल नावाची एन्टिटी (म्हणजे टेबलची व्याख्या) टाका, प्रायमरी की (पीके, रेकॉर्ड ओळखायची फील्ड) टूलआयडी, बाकी नाव, रॅक नंबर वगैरे. ऑफबिझ रीस्टार्ट केलं की टेबल आपोआप बनतं. मग सर्व्हिसेस एक्सएमएलमध्ये क्रिएटटूल सर्व्हिस (नावाने बोलवायचं एक काम) लिहा: इंजिन एन्टिटी-ऑटो, इनव्होक क्रिएट, डिफॉल्ट एन्टिटी नेम टूल, ऑथ ट्रू (म्हणजे लॉगिन लागतं). आत ऑटो-ॲट्रिब्यूट्सच्या दोन ओळी, एक पीकेसाठी आणि एक नॉनपीके म्हणजे बाकीच्या फील्डसाठी. झालं. (दोन्ही फायली ऑफबिझ-कंपोनंट एक्सएमएलमध्ये नोंदवल्यात ना ते बघा, नाहीतर सर्व्हिस सापडणारच नाही.)

आता खरी मेख पीकेच्या मोडमध्ये आहे (इन म्हणजे सर्व्हिसला द्यायची व्हॅल्यू, आउट म्हणजे सर्व्हिसकडून मिळणारी). क्रिएटला पीके आउट ठेवली तर आयडी ऑफबिझ स्वतः देतं, सहसा १०००० पासून सुरू होतो, आणि इन ठेवली तर आयडी तुम्हीच द्यायचा, नाही दिला तर पॅरामीटर मिसिंग म्हणून एरर येतो आणि आपण बसतो डेटाबेस तपासत. अपडेट आणि डिलीटला मात्र पीके कायम इनच, कारण कुठलं रेकॉर्ड ते सांगावंच लागतं.

अपडेटची गंमत अशी की जी फील्ड पाठवलीच नाही ती जुनीच राहते, पण फॉर्ममधून रिकामी गेली तर ती पुसली जाते. त्यामुळे अर्धवट फॉर्म चालतो, पण नको ती रिकामी फील्ड फॉर्ममध्ये ठेवू नका.

कुठलं टूल कोणाकडे गेलं हे ठेवायचं असेल तर वेगळी एन्टिटी करा, टूलआयडी, पार्टीआयडी (माणसाचा आयडी) आणि फ्रॉमडेट (कधीपासून) मिळून पीके, शिवाय थ्रूडेट (कधीपर्यंत). क्रिएटमध्ये फ्रॉमडेटला ओव्हरराइड करून ऑप्शनल केलं की ती आत्ताची वेळ स्वतः भरते. आणि टूल परत आलं की डिलीट नका करू राव, इनव्होक एक्स्पायर लावा, थ्रूडेट पडते आणि गेल्या वर्षी ते ड्रिल मशीन कोणाकडे होतं हे शोधता येतं.

स्टेटसआयडी फील्ड असेल तर अपडेट करताना तो बदल स्टेटसव्हॅलिडचेंज टेबलमध्ये (कुठल्या स्टेटसवरून कुठल्यावर जाता येतं त्याची यादी) बसतो का हेही तपासलं जातं, तिथे नोंद नसेल तर अडवतं.

पण हिशोब, स्टॉक कमी-जास्त, दोन-तीन टेबल एकदम, असलं काही असेल तर हे इंजिन पुरत नाही, तिथे ग्रूवीच लिहा. तपासायला स्क्रीन बनवायची गरज नाही, वेबटूल्समध्ये (ऑफबिझचंच ॲडमिनचं ॲप) जाऊन रन सर्व्हिसमधून सर्व्हिसचं नाव टाका, व्हॅल्यू भरा आणि मग तिथल्याच एन्टिटी डेटा मेंटेनन्समध्ये रेकॉर्ड पडलं का बघा.