गणेशवेल बियांपासून कशी वाढवावी

गणेशवेलीचं बी काळपट, लांबट आणि टणक असतं. तसंच मातीत टाकलं तर काही बिया आठवड्यात उगवतात, काही महिनाभर पडून राहतात. म्हणून बीचा डोळा (बी बोंडाला चिकटलेलं असतं ती खूण) सोडून दुसऱ्या टोकाला सँडपेपरवर दोन-तीनदाच घासा, आतला पांढरा भाग जेमतेम दिसेपर्यंत. मग कोमट पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी फुगलेल्या बिया पेरा, न फुगलेल्या पुन्हा घासून भिजवा. चोवीस तासांपेक्षा जास्त पाण्यात ठेवल्या तर कुजतात.

रोप उपटून दुसरीकडे लावलं की मूळ दुखावतं आणि वाढ खुंटते. त्यामुळे जिथे वेल हवी तिथेच, 1 सेंमी खोल पेरा. 12 इंची कुंडीत तीन रोपं पुरेत. दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग जुनं कंपोस्ट, आणि तळाची भोकं मोकळी.

उगवल्यावर घाई करू नका! पहिली दोन पानं इंग्रजी वाय अक्षरासारखी दुभंगलेली असतात. पिसासारखी नाजूक पानं त्यानंतर येतात. तण समजून रोपं उपटली जातात ती याच वेळी.

वेलीला तणावे (आधार पकडणारे तंतू) नसतात, खोडच आधाराला वेढे घालतं. ते दोऱ्याइतकं बारीक असल्याने जाड पाइप त्याला पकडता येत नाही. सुतळी किंवा बारीक तार लावा. वेढे वरून पाहता घड्याळाच्या उलट दिशेने जातात. तुम्ही घड्याळाच्या दिशेने गुंडाळलेत तर वेल सुटून येते. वीतभर झाली की शेंडा खुडा, फांद्या फुटतील.

वेल हिरवीगार, पण चांदण्यांसारख्या लाल फुलांचा पत्ता नाही? बहुतेक वेळा खत जास्त झालेलं असतं किंवा ऊन कमी पडतं. नत्र मिळत राहिलं की ती पानंच वाढवते. युरिया, ताजं शेणखत बंद करा आणि किमान सहा तास ऊन द्या. फूल पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं, तो दोष नव्हे.

खालची पानं पिवळी पडली तर आधी बोट खुपसून माती पाहा. बहुधा पाणी साचलेलं असतं. पानं फिकट आणि खाली बारीक जाळी दिसली तर लाल कोळी ही रस शोषणारी बारीक कीड आहे. पानांच्या खालून पाण्याचा फवारा मारा. तरी कीड राहिली तर लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा साबण घालून संध्याकाळी फवारा.

बोंडं तपकिरी होताच, फुटण्याआधी तोडा. नाहीतर पुढच्या हंगामात वेल बागभर उगवेल. बिया विषारी आहेत, मुलांच्या हाती लागू देऊ नका. सुकवून कागदी पाकिटात ठेवा.