युक्तिवादाचं मूल्यमापन करणाऱ्या निबंधाचा आराखडा कसा करावा

समजा, समोर एक लेख आहे: ठाण्यात तलावपाळीभोवती, म्हणजे मासुंदा तलावाकाठी, दर रविवारी संध्याकाळी 6 ते 10 वाहनं बंद ठेवावीत. त्यावर तुम्हाला हजारेक शब्दांचा निबंध लिहायचा आहे. ठाणेकर इथेच घसरतो. वाहनबंदी हवी की नको, यावर स्वतःचं मत मांडत सुटतो. प्रश्न तो नाहीच. लेखकाने ज्या वाचकासाठी लिहिलं, त्या वाचकाला पटेल असा युक्तिवाद लेखकाला उभा करता आला का, एवढंच तपासायचं आहे.

लेख आधी पेन हातात न घेता सलग वाचा. संपताच एका वाक्यात लिहा: लेखक कुणाला काय पटवू पाहतोय? ‘कुणाला’ सोडू नका. दुकानदाराला पटवायचं तर गिऱ्हाईक तुटेल का याचं उत्तर लागतं, महापालिकेला पटवायचं तर वाहतूक कुठून वळवायची याचं.

दुसऱ्या वाचनात समासात खुणा करा: दाव्यापुढे ‘दा’, पुराव्यापुढे ‘पु’, दुव्यापुढे ‘दु’. दुवा म्हणजे पुराव्यावरून दाव्यापर्यंत जाताना धरलेलं गृहीतक. बहुतेक लेखांत तो लिहिलेला नसतो, तुम्हालाच शोधून लिहावा लागतो. न्यायशास्त्रातलं, म्हणजे भारतीय तर्कशास्त्रातलं, उदाहरण घ्या: डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. हे अनुमान ‘जिथे धूर तिथे अग्नी’ या व्याप्तीवर, म्हणजे न चुकणाऱ्या संबंधावर, उभं असतं. इथला दुवा तोच. व्याप्ती ढिली, तर धूर कितीही दाट असला तरी उपयोग नाही.

आता आपल्या लेखातलं वाक्य बघा: ‘तलावाजवळच्या गडकरी रंगायतन नाट्यगृहातला प्रयोग सुटला की अर्धा तास रस्ता तुंबतो, म्हणून 6 ते 10 वाहनं बंद करा.’ पुरावा रोज डोळ्यांना दिसणारा, म्हणून वाचक मान डोलावतो. पण कोंडी अर्ध्या तासाची आणि बंदी चार तासांची. उरलेल्या साडेतीन तासांसाठी लेखकाने काहीच दिलेलं नाही. अशी एक फट नेमकी सापडली, तर निबंधाचा अर्धा ऐवज हाती आला.

मग निवाडा एका वाक्यात. ‘लेख बऱ्यापैकी प्रभावी आहे’ हा निवाडा नव्हे. असा लिहा: ‘तलावाकाठी फिरणाऱ्यांना हा लेख जिंकतो, कारण अनुभव त्यांच्याच ओळखीचा आहे, महापालिकेला मात्र पटणार नाही, कारण बंदीची वेळ आणि पर्यायी रस्ता दोन्ही पुराव्याविना राहतात.’ यातला प्रत्येक ‘कारण’ एकेक परिच्छेद होतो.

आराखड्यात शब्दांची वाटणीही लिहून ठेवा. प्रस्तावना आणि निवाडा 120, लेखाचा सारांश 130, मुख्य तीन परिच्छेद प्रत्येकी 200 ते 220, समारोप 100. सारांशावर पहारा ठेवा, तो फुगला की मूल्यमापनाची जागा खातो. मुख्य परिच्छेद मूळ लेखाच्या क्रमाने लावू नका, नाहीतर निबंध म्हणजे दुसरा सारांश होतो. वजनाने लावा: आधी जमलेली बाजू, मग किरकोळ त्रुटी, शेवटी युक्तिवाद मोडणारी फट.

प्रत्येक परिच्छेदाखाली चार ओळी पुरतात: मुद्दा, लेखातले नेमके शब्द, ते वाचकावर काय करतात, आणि त्याचा निवाड्याशी संबंध. तिसरी ओळ सर्वांत कठीण. नातवाला घेऊन तलावात नौकाविहार करणाऱ्या आजोबांचा प्रसंग लेखात असेल, तर ‘भावनिक आहे’ म्हणून पुढे जाऊ नका. तो प्रसंग पुराव्याला धार देतो की पुराव्याच्या जागी बसतो, ते लिहा.

शेवटी विरोधकासाठी एक ओळ राखून ठेवा: लेखकाने दुसरी बाजू घेतली का, आणि तिचा सर्वांत भक्कम मुद्दा घेतला की सोपा तेवढाच? रुग्णवाहिकेचं काय, हे लेखात कुठेच नसेल, तर ती ओळ शेवटच्या मुख्य परिच्छेदात जाते.