खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं शेवाळ: औषधाआधी ओळख

टाकीत काही नको ते उगवलं की पहिला प्रश्न येतो, "कुठलं औषध टाकू?" माझं उत्तर ठरलेलं आहे: आज काहीच टाकू नका. आधी ते काय आहे ते बघा. तपकिरी दिसणाऱ्या दोन गोष्टींचे इलाज एकमेकांच्या उलट असतात आणि चुकीच्या इलाजाची किंमत प्रवाळ मोजतात.

टाकी नवी असेल आणि वाळूवर, काचेवर बोटाने सहज पुसली जाणारी तपकिरी भुकटी असेल, तर ते डायटम, म्हणजे एकपेशीय शेवाळ. पाण्यातल्या सिलिकेटवर वाढतात. आरओ-डीआयचं, म्हणजे विरघळलेले क्षार गाळून काढलेलं पाणी वापरा, असे क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर ० दिसू द्या. बहुधा काही आठवड्यांत ते आपोआप ओसरतात.

लालसर-जांभळा, कातडीसारखा सोलून निघणारा थर मात्र शेवाळ नव्हेच. ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू. पाणी मंद असेल आणि वाळूत घाण साचली असेल तिथे ते आधी जमतात. बारीक नळीने थर ओढून बाहेर काढा, पॉवरहेडचा (पाणी फिरवणाऱ्या पंपाचा) झोत त्या कोपऱ्याकडे वळवा, साचलेला गाळ उपसा. एरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाने थर झटपट जातो खरा, पण कुजणारा थर पाण्यातला ऑक्सिजन खातो आणि कारण तसंच राहिलं तर तो पुन्हा येतो. म्हणून मी ते शेवटी ठेवते. वापरलंच तर बुडबुडे सोडणारा हवेचा दगड चालू ठेवा.

आता खरी चकवणारी गोष्ट: डायनोफ्लॅजेलेट, हेही एकपेशीय जीव. तपकिरी, चिकट, शेंबडासारखे धागे आणि त्यांत अडकलेले हवेचे बुडबुडे. दुपारी भरपूर, पहाटे दिवे लागण्याआधी बरेच कमी. शंका असेल तर थोडं बाटलीत घेऊन जोरात हलवा, जाड टिश्यूतून गाळा आणि गाळलेलं पाणी तासभर उजेडात ठेवा. धागे पुन्हा एकत्र विणले गेले तर बहुधा तेच. सूक्ष्मदर्शक मिळाला तर फारच बरं, कारण पुढचं सगळं जातीवर ठरतं.

नायट्रेट आणि फॉस्फेट ही पोषकद्रव्यं शून्यावर गेली की हे अनेकदा डोकं वर काढतात. म्हणजे लोक जे हमखास करतात, पाणी बदलणं आणि फॉस्फेट शोषणारी जीएफओ घालणं, तेच इथे अंगाशी येतं. जीएफओ काढा, पाणी बदलणं थांबवा, खाद्य वाढवा. गरज पडली तर ती थोडी थोडी पाण्यात घालून नायट्रेट ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएमपर्यंत आणा. ऑस्ट्रिऑप्सिससारखी जात रात्री पाण्यात तरंगते, तिथे यूव्ही दिवा (ज्याच्या नळीतून पाणी फिरवतात तो) फार उपयोगी पडतो. वाळूतच राहणाऱ्या अ‍ॅम्फिडिनियमवर तो जवळजवळ वाया जातो. गोगलगायी मरायला लागल्या तर हे विषारी असू शकतात, तेव्हा हातमोजे घालूनच काम करा.

हिरव्या केसाळ शेवाळाचा हिशोब वेगळा. टेस्ट किट फॉस्फेट शून्य दाखवतं म्हणून फसू नका. शेवाळानेच ते शोषलेलं असतं. शक्य असेल तर दगड बाहेर काढून ओंजळभर शेवाळ उपटा, उरलेलं टूथब्रशने घासा आणि तो दगड टाकीतल्याच, बादलीत काढलेल्या पाण्यात विसळा. दगडावर झोअँथिड (बटणांसारखे दिसणारे, प्रवाळांचे नातलग) असतील तर हातमोज्यांबरोबर चष्माही हवाच, त्यांच्यातलं पॅलिटॉक्सिन हे विष घातक असतं. मग ट्रोकस किंवा टर्बो गोगलगायी सोडा. त्या आखूड शेवाळ उत्तम खातात, लांब झुपक्यांना सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून उपटणं आधी. गोठवलेलं खाद्य देण्याआधी वितळवून धुवा. जागा असेल तर सम्पमध्ये (मुख्य टाकीला जोडलेल्या वेगळ्या टाकीत) कीटोमॉर्फा ही गुंत्यासारखी शेवाळी वाढवा आणि तिचा दिवा मुख्य टाकीच्या रात्री लावा. त्यामुळे पीएच रात्री खूप घसरत नाही. वाढलेला गोळा वेळोवेळी छाटून बाहेर काढत चला, कारण त्याच्याबरोबर नायट्रेट-फॉस्फेटही टाकीबाहेर जातं.