सुरी, विळी आणि धारेचा दगड: गंज काढताना या चुका टाळा

गंजाने जेवढ्या सुऱ्या वाया जात नाहीत, तेवढ्या गंज काढण्याच्या घरगुती उपायांनी जातात. लिंबाच्या रसात रात्रभर बुडवलेलं पातं, तारेच्या घासणीने ओरबाडलेलं स्टील, गॅसवर धरून 'कोरडी' केलेली विळी. गंज निघतो खरा, पण त्याच्यासोबत धारही जाते.

डाग कसला ते न बघताच घासायला घेणं

पांढरं सुती फडकं ओलं करून पात्यावरून दाबून फिरवा. फडक्याला नारिंगी-तपकिरी रंग लागला तर तो गंज. फडकं स्वच्छ राहिलं आणि पात्यावरचा करडा किंवा निळसर-काळा डाग जागचा हलला नाही, तर त्याला हात लावू नका. लोहाराकडची विळी किंवा कोयता साध्या कार्बन स्टीलचा असतो. कैरी, केळफूल, कच्ची केळी चिरली की त्यातलं आम्ल आणि टॅनिन लोखंडाशी मिळून हा काळा थर बसवतात. तो लाल गंजाला काही प्रमाणात अडवतो. विळी 'नव्यासारखी' चकचकीत केली की उघडं पडलेलं लोखंड लगेच तांबूस होतं आणि चिरलेल्या कांद्यालाही लोखंडाचा वास लागतो.

पांढरट ठिपके असतील तर ते बहुधा बोअरच्या पाण्याचे क्षार. व्हिनेगरचं फडकं मिनिटभर फिरवून धुतलं की जातात.

'स्टील आहे, गंजणार नाही'

घरातल्या चांगल्या पातेल्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. सुरीला धार टिकायला कडकपणा लागतो, त्यासाठी स्टीलमध्ये कार्बन वाढवावा लागतो आणि हा कार्बन क्रोमियमचा काही भाग अडकवून ठेवतो. त्यामुळे पातेलं वर्षानुवर्षं ओलं राहून काही होत नाही, पण त्याच सिंकमध्ये रात्रभर पडलेल्या सुरीवर सकाळी टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके दिसतात. मीठ आणि ब्लीच हे इथले खरे गुन्हेगार. खारी मासळी किंवा लोणच्याच्या फोडी कापून सुरी तशीच ठेवली तर ठिपका वरून बारीक दिसतो, पण आत खोल खड्डा पाडतो. तो खड्डा बुजत नाही. गंज काढा आणि खड्डा राहू द्या. तो घालवायच्या नादात पातं उगाच झिजवू नका.

लोखंडी तारेच्या घासणीचे सूक्ष्म तुकडे स्टीलमध्ये रुतून बसतात आणि पुढे तेच गंजतात. सुरी गंजली असं वाटतं, गंजलेली असते घासणी.

लिंबू-मीठ चोळून विसरून जाणं

आम्ल गंज विरघळवतं, पण गंज संपला की खालच्या धातूकडे वळतं. त्यात मीठ घातलं म्हणजे खड्डे पाडायची सोय आपणच केली. आधी सौम्य उपाय करा. दोन चमचे खाण्याचा सोडा आणि एक चमचा पाणी यांचा दाट लेप करा. पातं ओट्याच्या कडेला सपाट ठेवून बाटलीच्या बुचाने किंवा अर्ध्या कापलेल्या बटाट्याने घासा. हात नेहमी पाठीकडून धारेकडे जाऊ द्या, उलट कधीच नाही. चुलीची वस्त्रगाळ राख मिळाली तर तीही चालते. नुकताच धरलेला गंज पाच-दहा मिनिटांत निघतो.

नाहीच निघाला तर एक पेला पाण्यात चहाचा एक चमचा लिंबूफूल (सायट्रिक ॲसिड) घाला, किंवा साधं पांढरं व्हिनेगर घ्या. त्यात भिजवलेली कापडाची पट्टी फक्त गंजलेल्या जागी गुंडाळा. पूर्ण सुरी बुडवली की पाणी लाकडी मुठीत शिरतं आणि मुठीतला पात्याचा भाग आतून कुजत जातो, बाहेरून कळतही नाही. दर पाच मिनिटांनी पट्टी उचलून बघा. वीस मिनिटांच्या पुढे जाऊ नका. बुडबुडे दिसायला लागले तर लगेच थांबा, आता धातू खाल्ला जातोय. कार्बन स्टीलचं पातं यानंतर करडं दिसतं, ते साहजिक आहे.

पुढची पायरी बहुतेक जण गाळतात. पातं धुतल्यावर पेलाभर पाण्यात एक चमचा खाण्याचा सोडा विरघळवून त्याने पुसा, पुन्हा धुवा आणि त्याच क्षणी कोरडं करा. आम्लाचा अंश राहिला तर अर्ध्या तासात पात्यावर नारिंगी झाक येते आणि 'गंज परत आला' म्हणून पुन्हा लिंबू चोळलं जातं.

संडास साफ करायचं ॲसिड सुरीवर वापरू नका. ब्लीच आणि व्हिनेगर किंवा लिंबूफूल एकत्र तर अजिबात नको. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

गॅसवर धरून वाळवणं

धारेची कड इतकी पातळ असते की ती काही क्षणांत तापते. २३० अंशांच्या आसपास स्टीलवर पिवळी छटा येते, ३०० च्या जवळ निळी. निळी पडलेली कड मऊ झालेली असते. तिला कितीही धार लावा, टिकत नाही. फिरत्या चाकावर ठिणग्या उडवत, पाणी न लावता धार लावून घेतली तरी हेच होतं. धारवाल्याला चाक हळू फिरवायला आणि पातं मध्येच पाण्यात बुडवायला सांगा.

चुकीचं तेल

कोरड्या पात्यावर तेलाचा पुसट हात पुरे. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल हवेने चिकट होतं. खोबरेल बराच काळ टिकतं, थंडीत थिजलं तरी बिघडत नाही. औषधाच्या दुकानातलं साधं, चव-वास नसलेलं लिक्विड पॅराफिन सर्वांत चांगलं.

आणि दगड

गंजलेलं पातं थेट दगडावर घासलं की गंज आणि लोखंडाचा चुरा दगडाच्या छिद्रांत बसतो. म्हणून गंज आधी, धार नंतर. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक असा काळा कार्बोरंडमचा दगड घरोघरी असतो. तो चकचकीत, गुळगुळीत झाला की 'झिजला' म्हणून फेकतात. बहुतेक वेळा तो नुसता तुंबलेला असतो.

पाण्यावर वापरत असाल तर कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि नायलॉनचा ब्रश. तेल लावत आला असाल तर आधी रॉकेल आणि ब्रश, तेही उघड्यावर, विस्तवापासून लांब. खाद्यतेल लावलेला दगड सर्वांत हट्टी. ते तेल छिद्रांत वाळून डिंकासारखं होतं. एकदा तेल प्यालेला दगड पाणी नीट घेत नाही, त्यामुळे सुरुवातीलाच एक काय ते ठरवा. दगड उकळू नका, दोन थरांमधला जोड सुटू शकतो.

दगडावरचे नारिंगी डाग म्हणजे न धुतलेला लोखंडाचा चुरा. त्यावर व्हिनेगर ओतू नका, काही दगडांचा बंध आम्लाने सुटतो. जाड काचेवर १२० नंबरचा वॉटर पेपर (पाण्यात चालणारा पॉलिश पेपर) ठेवा, दगडावर पेन्सिलीने चौकटी आखा आणि पाणी घालत घासा. मधल्या रेघा शेवटपर्यंत राहिल्या तर दगड मधोमध खोलगट झालाय. सगळ्या रेघा पुसल्या की डागही गेले आणि दगडही सपाट झाला. नंतर धुऊन सावलीत कडेवर उभा ठेवा. ओला दगड डबीत बंद केला की डाग पुन्हा येतात.

धार लावताना पात्याची पाठ दगडापासून किती उचलायची? पात्याच्या रुंदीच्या एक तृतीयांश उचलली की साधारण वीस अंश होतात. साडेचार सेंटिमीटर रुंद पात्याला दीड सेंटिमीटर. उलट बाजूला नखाला खरखरीत कड लागेपर्यंत एक बाजू घासा, मग दुसरी.

विळीला मात्र दगडच पात्याकडे न्यावा लागतो. छोटा दगड घ्या, पाट कोणाकडून तरी घट्ट धरून घ्या आणि बुडापासून शेंड्याकडे लांब हात मारा. बोटं दगडाच्या कडेखाली उतरू देऊ नका. खवणीच्या दातांना कानस लावण्यापेक्षा नारळ खवून झाल्याबरोबर जुन्या टूथब्रशने अडकलेला खोबऱ्याचा चव काढा आणि पुसून घ्या, तिथेच गंज आधी धरतो. घडीची विळी असेल तर बिजागरीच्या खिळ्यावर खोबरेलाचा एक थेंब.